आवाज येतो, शब्द येत नाही

माझी मावशी लग्न होऊन पुण्याहून तिरुवल्लिकेणीला गेली, त्याला आता पन्नासाहून अधिक वर्षे झाली. इंग्रजांना हे नाव काही केल्या म्हणता येईना, म्हणून त्यांनी त्याचे ‘ट्रिप्लिकेन’ करून टाकले. खरा अर्थ मात्र किती गोड! तिरु म्हणजे पवित्र, अल्लि म्हणजे कुमुदिनी आणि केणी म्हणजे तळे. चेन्नईतली ही जुनी वस्ती पार्थसारथीच्या देवळाभोवती वसलेली आहे. मावशीच्या सासरची मंडळी तंजावरकडची मराठी. तीन पिढ्यांपासून ती इथेच राहतात. घराबाहेर तमिळ आणि स्वयंपाकघरात मराठी, असा त्यांचा कारभार.

काकांच्या, म्हणजे मावशीच्या यजमानांच्या, सहस्रचंद्रदर्शनाला आम्ही सगळे पुण्याहून गेलो होतो. कार्यक्रम घरापासून जवळच, एका जुन्या वाड्यात होता. वाडा शंभर वर्षांचा तरी असावा. मालकांनी त्याचे कार्यालय केले होते. सागवानी खांब, उंच छत, आरशासारख्या घोटलेल्या चुन्याच्या भिंती. पाहताच मन प्रसन्न झाले. होमहवन झाले, जेवणे झाली आणि मग छोटासा कौतुकाचा कार्यक्रम सुरू झाला.

काकांची पणती नऊ वर्षांची. शाळेत इंग्रजी आणि तमिळ शिकते. पण पणजोबांसाठी तिने महिनाभर खपून मराठीतून भाषण पाठ केले होते. ती उभी राहिली, ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि बोलू लागली. अन् त्या सुंदर दालनात आवाजाचा नुसता गलका झाला. एक शब्द संपत नाही तोच दुसरा त्याच्यावर चढे. आवाज वाढवा, असे कुणीतरी ओरडले. वाढवला, तर आणखीच गोंधळ. पुढच्याच खुर्चीवर बसलेले काका कानामागे हात धरून ऐकत होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा त्यांनीही वाजवल्या. लोक हसले, तेव्हा तेही हसले. मी शेजारीच होते. मी विचारले, “काका, आवडले का भाषण?”

ते म्हणाले, “आवाज येतो ग, शब्द येत नाही.”

मग जरा थांबून त्यांनी नेहमीची मिश्कील जोड दिली, “आमच्या पार्थसारथीच्या हातात शंख आहे बघ. एवढ्या रणधुमाळीत त्याने गीता सांगितली आणि अर्जुनाला ती अक्षरन् अक्षर कळली. का ठाऊक आहे? कुरुक्षेत्राला भिंती नव्हत्या!”

आम्ही हसलो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. एका मुलीने महिनाभर मेहनत केली, ज्यांच्यासाठी केली ते चार हातांवर बसले होते, आणि मधल्या चार हातांत तिचे सगळे शब्द हरवले. दोष कुणाचा? पणतीचा नाही, काकांच्या वयाचा नाही. मग काय त्या वाड्याचा? पुढच्या काही दिवसांत मी या प्रश्नाच्या मागेच लागले. जे समजले ते सांगते, कारण जुना वाडा, जुने देऊळ, जुनी शाळा आणि त्यात नवे कार्यक्रम ही गोष्ट आपल्याही गावोगावी आहे.

वास्तूंची बदलती नोकरी

तिरुवल्लिकेणी आणि त्याला लागून असलेले चेपॉक, एवढ्या लहानशा भागात म्हाताऱ्या इमारतींनी किती नोकऱ्या बदलल्या आहेत पाहा. समुद्रासमोरचे ‘आइस हाऊस’ १८४२ साली बांधले गेले ते बर्फासाठी. अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांचा बर्फ कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून, जहाजाने मद्रासला येई आणि या गोल इमारतीत साठवला जाई. तो धंदा बसल्यावर बिलिगिरी अय्यंगार नावाच्या वकिलांनी ती जागा घेतली. बर्फाच्या कोठाराला वारा नको असतो आणि माणसाला तो हवा असतो, म्हणून त्यांनी भोवती व्हरांडे आणि खिडक्या करून घेतल्या. १८९७ च्या फेब्रुवारीत स्वामी विवेकानंद इथे नऊ दिवस राहिले. पुढे इथे भगिनी सुब्बलक्ष्मींनी बालविधवांसाठी चालवलेले वसतिगृह होते. १९६३ साली इमारतीचे नाव ‘विवेकानंदर इल्लम’ झाले आणि १९९७ साली ती रामकृष्ण मठाकडे आली. आज तिथे प्रदर्शन आहे.

चेपॉकचा महाल १७६८ च्या सुमारास अर्काटच्या नवाबासाठी बांधला गेला. त्यातल्या कलस महालाला २०१२ च्या जानेवारीत भीषण आग लागली आणि ती विझवताना अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा जीव गेला. नंतर महाल चुन्याच्या जुन्या पद्धतीने दुरुस्त झाला आणि तिथे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे दक्षिण विभागाचे पीठ बसू लागले. नवाबाच्या दालनात आता वकील युक्तिवाद करतात. शेजारीच विद्यापीठाचे सेनेट हाऊस आहे. रॉबर्ट चिझम या वास्तुकाराने ते १८७४ ते १८७९ या काळात उभारले, पदवीदानासारख्या समारंभांसाठी. पण १९३७ साली मद्रास प्रांताची विधानसभा काही महिने तिथेच भरली. तिथून ती गेली ती इंग्रज गव्हर्नरांच्या मेजवान्यांसाठी १८०२ च्या सुमारास बांधलेल्या दालनात. त्यालाच आज राजाजी हॉल म्हणतात.

यात एक गंमत आहे. इमारतीची नोकरी बदलते तेव्हा आपण नवे दिवे लावतो, पंखे लावतो, स्वच्छतागृहे बांधतो. कानाचा विचार शेवटी येतो किंवा येतच नाही. मेजवानीत शेजाऱ्याचे बोलणे ऐकू आले की पुरते. विधानसभेत आणि न्यायालयात मात्र एक ‘नाही’ ऐकू आला नाही, तर अर्थाचा अनर्थ होतो.

रिकाम्या घराची गोष्ट

आता शास्त्र थोडेसे, पण घाबरू नका. तुम्ही कधी भाड्याचे नवे घर पाहायला गेला असाल. रिकाम्या खोलीत बोललेले कसे घुमते! पुढे तिथे गाद्या, पडदे, कपाटे, पुस्तके लागतात आणि घुमणे आपोआप थांबते. सगळे शास्त्र एवढेच आहे. आवाज कठीण भिंतीवर आपटला की चेंडूसारखा परत येतो. मऊ, सच्छिद्र वस्तूवर आपटला की तिच्यात जिरतो.

ही साधी गोष्ट पहिल्यांदा मोजून दाखवली ती वॉलेस सबाइन या अमेरिकन प्राध्यापकाने. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाने एक नवे व्याख्यानगृह बांधले. त्यात बोललेला शब्द पाच सेकंदांहून जास्त वेळ रेंगाळे, कुणालाच काही कळत नसे. हे दुरुस्त करण्याचे काम तरुण सबाइनवर आले. त्याने रात्री-अपरात्री, सगळे सामसूम असताना, जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणल्या. ऑर्गनची एक नळी वाजवायची, बंद करायची आणि आवाज कानाआड व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचे. मग आणखी गाद्या आणायच्या आणि पुन्हा मोजायचे. त्यातून त्याने एक सूत्र काढले. खोली जितकी मोठी, तितका आवाज जास्त वेळ रेंगाळतो. खोलीत आवाज जिरवणारी जागा जितकी जास्त, तितका तो लवकर विझतो. याच आधाराने त्याने बोस्टनच्या सिंफनी हॉलला सल्ला दिला. १९०० साली सुरू झालेल्या त्या सभागृहाचे नाव आजही जगातल्या उत्तम सभागृहांत घेतात.

आवाज जिरवण्याचे माप म्हणून सबाइनने काय घेतले असेल? उघडी खिडकी! कारण उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक चौरस मीटर पूर्ण शोषण.

हे वाचले आणि मला तो वाडा एकदम कळला. त्याला दहा उंच खिडक्या होत्या, मधोमध आकाशाला उघडा चौक होता. समुद्राचा वारा आत यावा म्हणून ते सगळे केले होते आणि त्याच वाटेने आवाजही बाहेर जाई. कार्यालय केल्यावर मालकांनी वातानुकूलन बसवले, म्हणून खिडक्यांना काचा लावून त्या कायमच्या बंद केल्या. पावसाचा त्रास नको म्हणून चौकावर पत्रा घातला. जमीन सोपी पुसता यावी म्हणून गुळगुळीत फरशी बसवली. जुन्या बैठकीच्या सतरंज्या गेल्या, प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. आवाजाला बाहेर जायच्या वाटा एकेक करून बुजवल्या आणि मग वर दोन मोठे स्पीकर टांगले! दोष वाड्याचा नव्हता. वाड्याला आपण श्वासच घेऊ देत नव्हतो.

थोडा हिशेब

कागदावर हिशेब करून पाहू. समजा दालन १५ मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि ५ मीटर उंच आहे, म्हणजे ६०० घनमीटर. रेंगाळण्याचा काळ काढायचा तर घनफळाला ०.१६ ने गुणायचे आणि एकूण शोषणाने भागायचे. चुन्याच्या भिंती, फरशी, छत मिळून फार तर १४ चौरस मीटर उघड्या खिडकीइतका आवाज जिरवतात. उत्तर येते जवळजवळ ७ सेकंद. चाळीस माणसे बसली, तर त्यांच्या अंगाकपड्यांत आणखी सुमारे १६ जिरतात आणि काळ ३.२ सेकंदांवर येतो. आता दहा खिडक्या उघडा. प्रत्येक सव्वा मीटरला जराशी कमी रुंद आणि २ मीटर उंच धरली, तर एकूण २४ चौरस मीटर. काळ पावणेदोन सेकंद! एक रुपया न खर्चता जवळजवळ निम्मा.

भाषण नीट कळायला हा काळ एक सेकंदाच्या आसपास असावा लागतो. गाण्याला थोडा जास्त चालतो, त्याने स्वर भरल्यासारखे वाटतात. म्हणूनच ज्या दालनात सनई सुरेख वाटते, त्याच दालनात भाषण कळेनासे होते.

आणि आवाज वाढवून का भागत नाही? बोलण्यात स्वर मोठे आणि लांब असतात, व्यंजने हलकी आणि क्षणभराची. ‘सात’ आणि ‘साठ’ यांत फरक आहे तो शेवटच्या एका हलक्या अक्षराचा. आधीचा ‘आ’ भिंतींवर घुमत राहिला की तो पुढच्या ‘त’ किंवा ‘ठ’ला गिळून टाकतो. आवाज वाढवला की बोलणेही वाढते आणि घुमणेही तितकेच वाढते. आमटी पातळ झाली म्हणून आणखी एक पातेले तशीच आमटी केली, तर ती दाट थोडीच होणार?

वय झाल्यावर सहसा आधी कमी होते ते बारीक, उंच सुरांचे ऐकणे, आणि व्यंजने नेमकी तिथेच असतात. म्हणून तरुणाला जे थोडे त्रासाचे वाटते, ते आजोबांना अशक्य होते. लहान मुलांचेही तसेच. गळलेले अक्षर ओळखीच्या शब्दावरून भरून काढण्याचा सराव त्यांना नसतो. जुन्या शाळांच्या उंच, घुमणाऱ्या वर्गांत मागच्या बाकावरचे मूल ‘लक्ष देत नाही’ असे म्हणण्याआधी एकदा तिथे स्वतः बसून पाहावे.

वाळूवरच्या सभा

काकांचा कुरुक्षेत्राचा विनोद अगदीच विनोद नव्हता. तिरुवल्लिकेणीच्या समोरच मरीनाची वाळू आहे. त्या किनाऱ्याच्या एका भागाला स्वातंत्र्याच्या चळवळीत ‘टिळक घाट’ म्हणत. आपल्या लोकमान्यांचे नाव इतक्या दूर वाळूवर लिहिलेले पाहून ऊर भरून येतो. १९०७ साली बिपिनचंद्र पाल यांची व्याख्याने मद्रासच्या या किनाऱ्यावर झाली, तेव्हा लाउडस्पीकर नव्हता. उघड्यावर शब्द स्वच्छ ऐकू येतो, कारण परत काहीच येत नाही. पण तो लांबही जात नाही, वाऱ्यावर विरून जातो. म्हणून लोक वक्त्याभोवती दाटीवाटीने बसत. बंद दालनात उलटे होते, आवाज पोचतो पण जात नाही. चांगले सभागृह या दोहोंच्या मधले. पहिला शब्द लवकर पोचावा, भिंतींनी त्याला थोडा हातभार लावावा आणि दुसरा शब्द येण्याआधी त्याने जागा रिकामी करावी.

याच किनाऱ्यावरच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात चंद्रशेखर वेंकट रामन शिकले आणि १९०७ साली एम. ए. होऊन बाहेर पडले. त्यांना नोबेल मिळाले ते प्रकाशावरच्या संशोधनासाठी, पण आवाजाचेही त्यांना वेड होते. लंडनच्या सेंट पॉल चर्चमधली कुजबुज-गॅलरी त्यांनी अभ्यासली, विजापूरचा गोलघुमटही अभ्यासला. गोल भिंतीच्या कडेकडेने कुजबुज कशी सरकत जाते, हे त्यांनी प्रयोग करून तपासले. आपल्यातले कितीतरी जण सहलीला जाऊन गोलघुमटात टाळी वाजवून आले आहेत. तिथे मजा वाटते. पण त्याच घुमटाखाली ग्रामसभा भरवायची म्हटली तर? घुमट आवाज गोळा करून एका जागी टाकतो. म्हणून घुमट किंवा कमान असलेल्या जागी स्पीकर वरच्या दिशेने कधी लावू नये आणि वक्त्याला घुमटाच्या बरोबर मध्यावर उभे करू नये.

काय करावे, काय करू नये

तर अशी एखादी जुनी वास्तू तुमच्या मंडळाच्या, शाळेच्या किंवा घरच्या कार्याच्या वाट्याला आली, तर काय कराल?

आधी एक टाळी वाजवा. दालन रिकामे असताना मधोमध उभे राहून एकच, कडक टाळी. मनात ‘एक हजार एक’ म्हणा. तेवढ्यात आवाज विझला तर ठीक. त्यानंतरही रेंगाळत असेल तर उपाय हवा. मग एकाला पुढे उभे करून अनोळखी नावे आणि आकडे वाचायला लावा आणि तुम्ही शेवटच्या रांगेत बसून लिहून घ्या. सत्तरीच्या पुढचे कुणीतरी बरोबर असेल तर उत्तम, परीक्षक खरे तेच.

मग गोंगाट कमी करा. घरघरणारा पंखा, वातानुकूलन यंत्र, मागचा जनरेटर, भांडी घासण्याची जागा. खिडक्या उघडायच्या त्या चौकाकडच्या आणि परसाकडच्या. रस्त्याकडच्या उघडल्या तर रिक्षांचे हॉर्न आत येतील, तिथे मिटत्या जाड पडद्यांचा आधार घ्यावा.

ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याजवळ आणा. लांबट दालनात वक्ता टोकाला उभा करण्याऐवजी लांब बाजूच्या मध्यावर उभा करावा आणि खुर्च्या अर्धगोलात मांडाव्यात. शेवटची रांग एकदम जवळ येते. याला खर्च शून्य.

दोन मोठ्या स्पीकरांपेक्षा चार-सहा लहान, उभट स्पीकर बरे. ते बसलेल्या माणसांच्या कानांच्या जरा वर, त्यांच्याकडे तोंड करून आणि हळू आवाजात लावावेत. आवाज माणसांवर पडला की तिथेच जिरतो, छतावर पडला की घुमतो. मागच्या स्पीकरचा आवाज किंचित उशिरा सोडावा लागतो, कारण हवेतून १० मीटर यायला आवाजाला सेकंदाचा तेहतिसावा-चौतिसावा भाग लागतो. हे गणित जाणकार तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे.

मग मऊ वस्तू आणा. जमिनीवर जाड सतरंज्या, खुर्च्यांवर गाद्या, मागच्या भिंतीवर दाट चुण्यांचा पडदा. पडदा भिंतीला चिकटून लावू नये. वीतभर अंतर सोडले की तोच पडदा जास्त आवाज जिरवतो. कायमचे काम असेल तर खनिज लोकरीचे, कापडाने मढवलेले तक्ते मिळतात. ते आगीला दाद न देणारेच घ्यावेत. अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल लावण्याचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. त्यांनी आवाज फारसा जिरत नाही आणि आग मात्र झटकन लागते. कलस महालाची आठवण ठेवा.

आता काय करू नये. जुन्या चुन्याच्या भिंतीला गोंदाने काही चिकटवू नये, खिळे ठोकू नयेत, तिच्यावर सिमेंट किंवा तेलरंग चढवू नये. चुन्याची भिंत दमटपणा घेते आणि सोडते. समुद्राकाठी तर ती रोजच हे करते. तिचे तोंड बांधले की पाणी आणि मीठ आत साचते आणि गिलावा फुगून पडतो. तक्ते सुट्या चौकटींवर उभे करावेत किंवा आधीपासून असलेल्या कड्यांना टांगावेत. उद्या काढले तर भिंतीवर ओरखडाही राहू नये. जुन्या वास्तूच्या बाबतीत हा एकच नियम पाठ असला तरी पुष्कळ आहे.

आणि खोटे छत टाकू नये. चेन्नईच्या जुन्या घरांत ‘मद्रास टेरेस’ नावाचे छत असते. सागवानी तुळयांवर पातळ विटा उभ्या, तिरप्या बसवून चुन्यात गच्च केलेल्या. तुळयांमधल्या खाचखळग्यांनी आवाज विखुरतो, एकदम परत येत नाही. त्याखाली सपाट पांढरे छत टांगले की ही सोय गेली, शिवाय वर कुठे पाणी झिरपते आहे, कुठे वाळवी लागली आहे, तेही दिसेनासे झाले. इमारत वारसा यादीत असेल, तर कशालाही हात लावण्यापूर्वी तिथल्या वारसा समितीची परवानगी घ्यावी. मुंबईत अशी नियमावली १९९५ पासून आहे.

पुष्कळांना वाटते, जुन्या वास्तूत नवे काम म्हणजे तडजोडच. तसे नाही. मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस पाहा. १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालेल्या या नाट्यगृहाचे पुढे सिनेमाघर झाले आणि १९९३ साली ते बंदच पडले. काळजीपूर्वक जीर्णोद्धार होऊन २०१६ साली ते पुन्हा उघडले आणि पुढच्याच वर्षी त्याला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. नव्या सोयी आल्या आणि जुनी ओळखही राहिली.

गोधड्यांचा प्रयोग

तिरुवल्लिकेणीच्या त्या वाड्याचे पुढे काय झाले ते सांगते. मावशी काही गप्प बसणारी नव्हे. ती मालकांना जाऊन भेटली. माणूस भला होता, पण खर्चाला बिचकत होता. तिने सुचवले, “आधी करून तर पाहू, पटले तर खर्च करा.” पुढच्या वर्षी काकांच्या वाढदिवसाला तिने घरातल्या आणि शेजारच्या मिळून सगळ्या गोधड्या बाहेर काढल्या. पुण्याहून आईने शिवून पाठवलेल्या त्यात किती तरी होत्या. वाड्याच्या मागच्या भिंतीवर जुन्या कड्या होत्याच. त्यांना बांबू अडकवून गोधड्या दुहेरी घडीने टांगल्या, भिंतीपासून वीतभर पुढे. वर पांढरी खादीची चादर, म्हणजे दिसायलाही बरे. खाली सतरंज्या. चौकाकडच्या खिडक्या सताड उघड्या. खुर्च्या अर्धगोलात. ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्या मुलाने मोठे स्पीकर काढून दोन लहान, उभे स्पीकर कानाच्या उंचीला लावले. सूत्रात घालून पाहिले तर एवढ्याने काळ सव्वा सेकंदाच्या जवळपास यायला हवा होता. पण आमचे मोजमाप वेगळेच होते.

पणती, आता दहा वर्षांची, पुन्हा उभी राहिली. गेल्या वर्षीचेच भाषण, कारण ते पणजोबांनी ऐकलेच नव्हते ना! तमिळमध्ये ‘ठ’ आणि ‘ट’ वेगळे नाहीत, त्यामुळे ती बोलता बोलता म्हणाली, “पणजोबा साट वर्षे रोज पार्थसारथीच्या देवळात जातात.”

पुढच्या खुर्चीतून काकांनी एकदम बोट वर केले. “साट नाही ग बाळ, साठ! ठ, ठ!”

सगळे दालन हसले. ती लाजली, मग ठसक्यात म्हणाली, “साठ!” आणि पुढे बोलू लागली. मी मावशीकडे पाहिले. ती पदराने डोळे टिपत होती. आजवर काकांनी कुणाची चूक काढली की ती वैतागायची. त्या दिवशी मात्र तिला ती चूक काढणेच हवे होते.

मालकांनी पुढच्या महिन्यात चौकावरचा पत्रा काढून तिथे सरकते छप्पर बसवले. पाऊस आला की बंद, नाहीतर उघडे. गोधड्यांच्या जागी आता नीट तक्ते आहेत, सुट्या चौकटींवर उभे केलेले. पण मावशी अजून सांगते, पहिला इलाज माझ्या गोधड्यांनी केला.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या जुन्या वाड्यात, देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेच्या दालनात कार्यक्रम ठरवाल, तेव्हा मांडव, फुले, जेवणाची पाने यांच्या यादीत आणखी एक ओळ लिहा: मागच्या रांगेतल्या आजोबांना शब्द कळतो का? आणि आवाज वाढवा, असे सांगण्याआधी उठून एक खिडकी उघडा.